कागदांची आगोट

पत्र: मी गुहागरची, वय ४७. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, पुढे संसारात ब्रश सुटला. वर्षभरापूर्वी पुन्हा सुरुवात केली. मला रंगीबेरंगी अमूर्त चित्रं आवडतात, ज्यांत कागद, कापड, वाळू असं काहीबाही चिकटवलेलं असतं. आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पोस्टर कलर लावले, त्यावर लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्राचे तुकडे खळीने डकवले, वरून परत रंग दिला. रंग चिखलासारखा झाला, कागदाला सुरकुत्या आल्या, पुठ्ठा पापडासारखा वळला आणि श्रावणात सगळ्यावर बुरशी. किनाऱ्यावरची वाळू लावली होती, ती अजून ओलसर लागते. हळदीचा आणि कोकमाचा रंग करून पाहिला, तो उडाला. घरातले विचारतात, ‘हे नक्की काढलंयस काय?’ इथे क्लास नाही. कुठे चुकतंय आणि सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, गुहागर

ताई,

तुम्ही चुका इतक्या नीट लिहून पाठवल्या आहेत की निदान सोपं झालं. हात चुकलेला नाही. चुकलंय ते सामान, आणि त्याहून जास्त क्रम. ओल्यावर ओलं चढवत गेलात, तेही अशा हवेत जिथे जुलैत दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही.

आधी चिखलाचं बघू. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की परत सुटतो. त्यावर खळीचा ओला कागद ठेवलात, खालचा रंग विरघळून वर आला, मग वरच्या ब्रशने लाल, हिरवा, पिवळा सगळा एकत्र ढवळला गेला. त्याचा तपकिरी रंग होणारच, कुणाच्याही हातून होईल. त्यामुळे पोस्टर कलर घरातल्या शाळकरी मुलाला देऊन टाका आणि अॅक्रिलिक घ्या. अॅक्रिलिक पाण्यात कालवता येतो, पण एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. थरावर थर चढवायच्या कामाला हेच लागतं.

दुसरं, आणि या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं: रंग चित्रावर मिसळायला जाऊच नका. आधी सुटे कागद रंगवा. पूर्ण वाळवा. साठवा. मग त्यातून फाडून, कापून चित्र जुळवा. ओला रंग ओल्या रंगाला भेटलाच नाही तर चिखल होईल कुठून? फ्रेंच चित्रकार आंरी मातीस उतारवयात हेच करायचे: सहायकांकडून कागदांवर ग्वाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) सपाट रंग लावून घ्यायचे आणि मग हातात कात्री घेऊन त्या रंगीत कागदांतून आकार कापायचे. आपल्याकडे या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. दिवाळीपासून मेपर्यंत हवा बरी असते, तेव्हा कागद रंगवून ठेवायचे, पाऊस लागला की बसून कापायचं, जुळवायचं. मिरच्या, कडधान्यं, सुकी मासळी भरून ठेवता तशी ही कागदांची आगोट.

रंग किती घ्यायचे? बारा-चोवीसचा संच घेऊ नका. त्यातले निम्मे रंग तुम्हाला मिसळून करता येतात आणि उरलेले वापरले जात नाहीत. लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, व्हर्मिलियन, अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू, बर्न्ट अंबर या सात ट्यूबा ४० मिलीच्या आणि टायटॅनियम व्हाइट मोठी, १०० मिलीच्या वरची. पांढरा सर्वांत आधी संपतो. काळा मुद्दाम लिहिलेला नाही: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सारखे घेतले की जवळजवळ काळा होतो, आणि त्यात थोडा निळा किंवा थोडा तपकिरी जास्त करून गार किंवा ऊबदार काळा करता येतो. चमकणारे फ्लुओरोसंट रंग दुकानात फार मोहात पाडतात. ते उजेडात सर्वांत आधी फिके पडतात, घेऊ नका. सोबत मॅट मीडियमची (म्हणजे रंग न घातलेलं, चमक नसलेलं अॅक्रिलिक माध्यम, ते चिकटवायलाही चालतं) एक बाटली आणि गेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर). चिपळूणला किंवा रत्नागिरीला कुणी जाणार असेल तर चिठ्ठी लिहून द्या, नाहीतर कुरिअरने मागवा.

प्रत्येक रंगाचे दोन-दोन भाऊ का, ते सांगतो. व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला लाल आहे. तो अल्ट्रामरीनमध्ये घातला की जांभळ्याऐवजी मेलेला तपकिरी मिळतो, कारण तिथे तीनही मूळ रंग एकत्र आले. जांभळा हवा तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. चकचकीत पोपटी हवा तर लेमन यलो आणि थॅलो. भातखाचराच्या कडेच्या गवतासारखा मळकट हिरवा हवा तर ऑकर आणि अल्ट्रामरीन. थॅलो फार जोरकस असतो, पिवळ्याच्या चमचाभर गोळ्याला मोहरीएवढा पुरे. आधी पिवळा घ्यायचा आणि त्यात निळा सोडायचा. उलट केलं तर अर्धी पिवळी ट्यूब संपेल तरी हिरवा उजळणार नाही. आणि अॅक्रिलिक ओला असताना दिसतो त्याहून वाळल्यावर थोडा गडद होतो, कारण त्यातलं दुधाळ माध्यम वाळून पारदर्शक होतं. हवा त्यापेक्षा जरा उजळ कालवा.

आता कागद. १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज कागद, ए-४ चे ३० ताव, आणि पांढऱ्या टिश्यू पेपरचे दहा. पहिल्या बैठकीत चित्र करायचंच नाही असं ठरवून बसा. सहा कागद नुसते सपाट रंगवा, एकेक रंग, दोन पातळ हात. सहांवर एकाच रंगाच्या छटा, पांढरा वाढवत वाढवत. बाकीच्यांवर मजा करा: ओल्या रंगात जुन्या कंगव्याने रेघा ओढा, खराट्याच्या चार हिरांची जुडी बांधून कोरड्या रंगाने फटकारे मारा, आंब्याच्या खोक्याचा वरचा पापुद्रा सोलून आतल्या नाळ्यांना रंग लावा आणि ठसा घ्या, नारळाच्या झावळीच्या बुंध्याला असते ती तपकिरी जाळी कागदावर ठेवून वरून स्पंजाने रंग थोपटा. मासेमारीच्या फाटक्या जाळ्याचाही असाच उपयोग होतो, फक्त आधी दोन पाण्यांतून काढा.

आणखी एक खेळ: जाड प्लॅस्टिकच्या जुन्या फोल्डरवर रंगाचा पातळ थर पसरा, त्यात बोटाने किंवा काडीने रेघोट्या काढा, वर कागद ठेवून तळहाताने दाबा, उचला. दोन मिनिटांत आटपायचं, नाहीतर रंग फोल्डरवरच वाळतो. पहिल्या ठशानंतर फोल्डरवर जो फिका रंग उरतो त्याचा दुसरा ठसा घ्या. बहुतेक वेळा तोच पहिल्यापेक्षा जास्त कामाचा निघतो.

रंग लावला की कागद वळतो, घाबरू नका. वाळल्यावर पाठीवर ओल्या स्पंजाचा एक हलका हात फिरवा आणि दोन फळ्यांमध्ये बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

साठवण हा आपल्याकडचा खरा घोटाळा आहे. अॅक्रिलिक वाळला तरी तो मुळात प्लॅस्टिकचा पापुद्रा. उष्म्यात आणि दमट हवेत दोन रंगवलेले कागद तोंडाला तोंड लावून ठेवलेत तर महिनाभरात एकमेकांना असे चिकटतात की सोडवताना दोन्ही फाटतात. प्रत्येक दोन कागदांच्या मध्ये बटर पेपर हवाच. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, फरसाणाचा मोठा चालेल, पण आतून धुऊन, उन्हात तापवून. तेलाचा वास राहिला तर झुरळं येतील. आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की मंद तव्यावर परत निळे होईपर्यंत गरम करायचे (तो तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही). डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका.

मग चित्र कशावर करायचं? आंब्याच्या खोक्यावर तर मुळीच नाही. त्या पुठ्ठ्याच्या नाळ्या चिकटवायला कारखान्यात पिठुळ गोंदच वापरतात, वर तुम्ही खळ लावलीत. बुरशीला आणि कसरीला पंगतच वाढलीत म्हणा. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात म्हणून तिला किडे लागत नाहीत हे खरं, पण मोरचूद विषारी आहे, कागदाचंही नुकसान करतो आणि रंगांत मिसळायची वस्तू नाही. खळ विसरा. वळण्याचं कारण वेगळं: ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि ज्या बाजूला चिकटला असेल त्या बाजूला खालच्या पुठ्ठ्याला ओढून घेतो. खालचा आधार जितका मऊ तितका जास्त वळतो.

सरावाला ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद, चारही कडा कागदी टेपने फळीला चिकटवून. पाच-सहा झाले की ६ मिमीचा प्लायवूड, १२ बाय १२ इंच. फर्निचरवाल्या सुताराकडे असे तुकडे पडलेले असतात. एमडीएफ घेऊ नका, कडेने पाणी पितो आणि फुगतो. ताणलेला कॅनव्हास दिसायला छान, पण आत्ता नको: पावसात तो ढिला पडतो आणि वर जड काही चिकटवलं तर मध्ये झोळ येतो.

प्लायला १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर मारा, ओल्या फडक्याने पुसा. मग पुढून, मागून आणि चारही कडांना मॅट मीडियमचे दोन हात. मागची बाजू सगळेच विसरतात. एकच बाजू बंद केलीत तर दुसरी पावसाळ्यात ओल घेते आणि फळी धनुष्य होते. शिवाय लाकडातला पिवळटपणा ओल्या थरांतून वर चढून पांढऱ्यावर डाग पाडतो, तो या दोन हातांनी अडतो. वर फक्त पुढच्या बाजूला गेसोचे दोन पातळ हात, एका हाताला एक मोठा चमचा म्हणजे साधारण १५ मिली पुरतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा. भिंतीला मारायचं डिस्टेंपर वापरायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका, त्याची भुकटी उडते आणि वरचा सगळा संसार पापुद्र्यासकट सुटून येतो.

दोन हातांमध्ये किती थांबायचं? पुस्तकं पंधरा-वीस मिनिटं सांगतात. ते जानेवारीत ठीक. पावसाळ्यात तीन-चार तास धरा, आणि घड्याळापेक्षा हाताच्या पाठीवर विश्वास ठेवा: पृष्ठभाग गार लागला तर आत पाणी आहे. पंखा खोलीत फिरू दे. हेअर ड्रायर वापरलात तर फूटभर लांबून आणि हलता. जवळून धरला की वरची साय वाळते, खालून बुडबुडे येतात. थर निळसर-दुधाळ दिसत राहिला तर पाणी अडकलंय असं समजा, त्यावर दुसरं काहीही लावू नका, दोन-तीन दिवसांत तो आपोआप निवळतो.

आता जुळवणी. अमूर्त म्हणजे डोळे मिटून काहीही, असं नव्हे. ‘कुठून सुरू करू’ याचं सरळ उत्तर: पुठ्ठ्याचे दोन एल आकाराचे तुकडे कापा, एकमेकांवर ठेवले की मध्ये ३ बाय ३ इंचांची खिडकी होते. ती तुमच्या रंगवलेल्या कागदांवरून, मासिकातल्या फोटोवरून, अगदी वेलदूरच्या धक्क्यावर लागलेल्या होड्यांच्या फोटोवरूनही सरकवा. एका जागी होडीची होडी राहत नाही, एक तिरका निळा, एक गंजका पट्टा आणि पांढरी फट एवढंच उरतं. तिथे थांबा. तीच तुमची पहिली आखणी. इंटरमीजिएटच्या संकल्पचित्रात ठरलेल्या चौकटीत आकार बसवायला शिकलात ते इथे कामाला येईल. मात्र तिथली दोन्ही बाजू सारख्या ठेवायची सवय मोडावी लागेल.

आकार तीन मापांचे घ्या: एक मोठा, दोन-तीन मध्यम, थोडे बारके. मोठा आकार बरोबर मधोमध ठेवू नका. आणि रंगांचं प्रमाण ताटासारखं ठेवा: भात भरपूर, आमटी त्याहून कमी, लोणचं बोटभर. नवशिके ताटभर लोणचं वाढतात. लाल, जांभळा, नारिंगी, पोपटी सगळे सारख्याच जोरात ओरडायला लागले की एकही ऐकू येत नाही. तुम्हाला भडक आवडतं ना? मग भडक रंगाभोवती राखाडी, ऑकर, मळकट पांढरा असे गप्प रंग जास्त ठेवा. मूठभर व्हर्मिलियन मग सगळ्या फळीवर राज्य करेल. म्हणून वर तीस कागदांपैकी दहा तरी असे गप्प रंगांचे करा. पहिल्या दिवशी ते कंटाळवाणे वाटतात, चित्र जुळवताना तेच कमी पडतात.

सगळे तुकडे न चिकटवता फळीवर मांडा. मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर रंग कितीही वेगळे असोत, उजेड-अंधाराचा फरक नाही. एक तुकडा बराच गडद किंवा बराच उजळ करा. रात्रभर तसंच राहू द्या, वर भांडं पालथं घाला, म्हणजे मांजर आणि पंखा दोन्हींपासून बचाव. सकाळी जो तुकडा डोळ्यात खुपेल तो काढून टाका. शेवटी पेन्सिलने तुकड्यांच्या पाठीवर नंबर घाला, खालून वरच्या क्रमाने. चिकटवताना फोटो समोर ठेवा.

चिकटवणं. टिश्यूपासून कार्ट्रिजपर्यंतच्या कागदांना मॅट मीडियम. जाड कापड, काथ्या, जाड पुठ्ठा यांना फेव्हिकॉल, तीन भागांत एक भाग पाणी घालून. फेव्हिकॉल सगळीकडे का नको? तो दमट उष्म्यात जरा मऊ पडतो आणि पातळ कागदाखाली काही वर्षांत पिवळट दिसू शकतो. जाड वस्तूखाली ते कळत नाही.

पातळ टिश्यू असेल तर मीडियम फळीवर लावा, टिश्यू वरून सोडा आणि त्याच्यावर मऊ ब्रश मधून कडेकडे एकदाच फिरवा. परत परत घासलात तर लगदा होईल. जाड कागदाची गोष्ट उलटी: त्याला आधी फुगू द्यायचं. पाठीवर ओला स्पंज फिरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग फळीला आणि कागदाच्या पाठीला दोन्हीकडे मीडियम लावा, ठेवा, वर बटर पेपर, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेला दाबत न्या. तुमच्या सुरकुत्यांचं मूळ इथेच होतं: कोरडा कागद ओल्या खळीवर ठेवलात, तो चिकटल्यानंतर फुगला, आणि फुगलेल्याला जायला जागाच नव्हती. कडेने आलेलं मीडियम लगेच ओल्या फडक्याने पुसा. एका बैठकीत एकाच थराचे तुकडे. मग बटर पेपर, फळी आणि वर पाटा-वरवंट्यातला पाटा. दुसऱ्या दिवशी पुढचा थर. तरी फुगा राहिलाच तर ब्लेडने बारीक चीर द्या, टूथपिकने आत मीडियम सारा, दाबा.

कागद निवडताना एक चाचणी करा: ओला कापूस दाबून बघा. पतंगाचा कागद आणि क्रेप कागद लगेच रंग सोडतात, शिवाय उन्हात फिके होतात. त्यापेक्षा पांढरा टिश्यू स्वतः रंगवलेला बरा. इंकजेटचं प्रिंट पसरतं, झेरॉक्स पसरत नाही. मासिकाचा गुळगुळीत कागद गोंद धरत नाही, त्याच्या पाठीवर बारीक पॉलिशपेपर फिरवा. वर्तमानपत्र पिवळं पडणारच. पडू द्यायचं नसेल तर त्याची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढा. आजोबांची पत्रं, जुने सातबारे, पत्रिका यांचीही झेरॉक्सच वापरा, अस्सल कपाटात राहू दे. लग्नपत्रिका छान, पण जाड: कोमट पाण्यात भिजवून वरचा पापुद्रा सोलून घ्या. गणपतीचं चित्र असलेला भाग फाडायला हात धजत नाही, तो बाजूला ठेवा; तसंही त्याच्याकडे नजर आधी जाते आणि बाकीचं चित्र मागे पडतं.

झेरॉक्सचा आणखी एक उपयोग. फळीवर मीडियमचा सढळ हात द्या, झेरॉक्स पालथी घाला, दाबा, पूर्ण वाळू द्या. हिवाळ्यात एक दिवस, पावसात दोन. मग पाठ ओली करून बोटाने हळूहळू कागद चोळून काढा. अक्षरं फळीवर राहतात, कागद जातो. अक्षरं उलटी येतात, सरळ हवी असतील तर दुकानदाराला आरशातली प्रत काढायला सांगा. घाईने चोळलंत तर अक्षरंही जातात, पण अर्धवट गेलेली अक्षरं पुष्कळदा पूर्ण अक्षरांपेक्षा बरी दिसतात.

बाजारातली मेणकापडं, टेबलावरची नक्षीदार आच्छादनं लावावीशी वाटतील. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती दोर गुंडाळला, कोलाजच्या इतिहासात ते चित्र पहिल्या पानावर असतं. पण आपल्याकडचं प्लॅस्टिकचं आच्छादन पाणीदार गोंद धरत नाही, सहा महिन्यांत कोपऱ्यातून उचलतं. त्याचा ठसा घ्या किंवा झेरॉक्स.

चिकटवून एक दिवस वाळला की सगळ्यावर मॅट मीडियमचा एक पातळ हात, आणि मग रंगाचं शेवटचं काम. इथे पुष्कळ लोक नवीन काहीतरी भरत बसतात. आम्ही उलट सांगू: झाका. गर्दी झालेल्या कोपऱ्यावर मळकट पांढऱ्याचा जाड हात देऊन फक्त एक-दोन आकार उघडे ठेवा. वेगवेगळे तुकडे परक्यासारखे दिसत असतील तर एक भाग रंग आणि दहा भाग मीडियम असा पारदर्शक हात द्या, थॅलो किंवा क्रिमसनचा. ऑकर किंवा पांढऱ्याने तो धुरकट होतो. पूर्ण वाळलेल्या थरावर २२० नंबरचा पॉलिशपेपर हलका फिरवला की खालचा रंग डोकावतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर रोलरने चढवलेले आणि पॅलेट नाइफने सारलेले थर असतात, ते जवळून बघायची संधी मिळाली तर सोडू नका. छापील फोटोत त्यातलं काही दिसत नाही. तेलखडू वापरायचे असतील तर अगदी शेवटी. तेलकटावर अॅक्रिलिक बसत नाही.

आता तुमचा किनारा. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ती जागा कधी वाळत नाही. कोरड्या दिवसांत तिथे पांढरा थर येईल. पाच गोड्या पाण्यांतून वाळू धुवा, शेवटचं पाणी जिभेला खारट लागता कामा नये. दोन दिवस ऊन, मग चहाच्या गाळणीतून चाळा. एक भाग वाळूला दोन भाग मीडियम, आणि सुरीने पसरवायचं, ब्रशने नाही. २ मिमीपेक्षा जाड थर एकदम दिलात तर वरून तडकतो.

हळद आणि कोकम स्वयंपाकघरात राहू देत. हळदीचा रंग उजेडात उडतो, आणि चुना-साबण लागला की लाल होतो. कोकमाचा लाल आंबटात लाल असतो, आंबटपणा गेला की निळसर-मळकट होतो. तुमच्याकडे न उडणारा रंग फुकट पडलाय तो वेगळाच: जांभा दगड. त्याची लाली लोहाच्या ऑक्साइडची, ती उन्हात उडत नाही. जांभ्याचा भुगा खलबत्त्यात कुटून पंचाच्या कापडातून वस्त्रगाळ करा, नाकाला रुमाल बांधून. एक भाग पूड, दोन भाग मीडियम. चार वेगवेगळ्या चिऱ्यांची पूड करून बघा, पिवळ्या गेरूपासून काळपट तांबड्यापर्यंत छटा मिळतील. थॅलोच्या निळ्याशेजारी हा रंग जो उठतो, तो विकतच्या कुठल्याही ट्यूबेतून येत नाही.

पोफळीची विरी पूर्ण वाळलेली, सपाट दाबलेली असेल तरच लावा, दोन्ही बाजूंनी मीडियम मारून. ताजं पान, फूल, केळीचं सोप नको. आत पाणी असतं, ते काळं पडतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. त्याचा ठसा घ्या. साडीच्या तुकड्यांना कापण्याआधी पाठीवर मीडियमचा हात दिला तर कडेचे दोरे सुटत नाहीत.

बुरशी लागलेल्या जुन्या चित्रांचं काय? घराबाहेर, नाक-तोंड बांधून, कोरड्या ब्रशने झाडा आणि एक-दोन दिवस उन्हात ठेवा. खळ असेल तोवर ती परत येणारच. आवडलेल्या भागांची झेरॉक्स किंवा फोटो घ्या आणि चित्र टाकून द्या. नव्या कागदांच्या डब्याजवळ तर ते फिरकूही देऊ नका.

नवं चित्र पूर्ण झाल्यावर दोन आठवडे थांबून, कोरड्या दिवशी व्हार्निश. पावसात व्हार्निश केलंत तर आतली ओल बंद होऊन पांढरट धुकं येतं. चौकटीत काच घालणार असाल तर काच आणि चित्र यांच्यात माउंट किंवा पट्टी हवी, नाहीतर अॅक्रिलिक काचेला चिकटतं. पश्चिमेच्या, झड लागणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. चिऱ्याची भिंत आतून ओल सोडते. आतल्या भिंतीवर, मागे चार कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे, म्हणजे पाठीमागून वारा खेळेल.

घरातल्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यायलाच हवं असं नाही. गोधडीला कुणी विचारत नाही, तू कशाचं चित्र आहेस म्हणून. एखाद्या रविवारी त्यांना घेऊन राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळच्या किंवा बारसूच्या सड्यावर, कातळात कोरलेली जुनी चित्रं बघायला जा. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांत हत्ती-मासे ओळखू येतात, पण देवीहसोळचा मोठा चौकोन आणि आतली नक्षी कशाची, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तरी माणसं तासभर उन्हात उभी राहून बघतात. वहीत त्या चौकोनाची नुसती बाहेरची रेघ उतरवून आणा. तुमच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फळीला ती आखणी म्हणून चालेल.

ता. क. शिंपल्यांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण किनाऱ्यावर राहता म्हणजे लावाल. दोन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत. आतून ब्रशने घासा, मांसाचा कण राहिला तर मुंग्या लागतात. फेव्हिकॉल न पातळ करता, आणि शिंपला जिथे टेकणार तिथला गेसो आधी पॉलिशपेपरने खरखरीत करून. एका फळीवर तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर ते बंदरावरच्या दुकानातल्या आरशासारखं दिसेल.